परड्यातल्या खोलीला काय लिहायचं

“हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही,” मी म्हणालो. “सांगून उपयोगच नाही, कोणी मानणार नाही. तुम्हीही मानू नका. पण घरामागच्या एका खोलीला काय म्हणायचं, एवढ्यावरून मी एका शेठला त्याच्याच सोप्यात घाम फोडलाय. भर दुपारी. डोक्यावर पंखा फिरत असताना.”

“झालं सुरू,” श्रेणिक म्हणाला.

श्रेणिक माझा पुतण्या. सांगलीत त्यानं नवं घर बांधलं, त्याच्या घरभरणीला आम्ही दोघं गेलो होतो. पाहुणे पांगले होते. जेवणं उरकून आम्ही चौघं मागच्या दाराशी बसलो होतो. मी, श्रेणिक, त्याची बायको अनघा आणि माझी राजमती. समोरच्या मोकळ्या जागेत श्रेणिकनं आणखी एक सुटं बांधकाम केलं होतं. एकच खोली, एक मोरी, वर पत्रा. रंग अजून ओला होता. पाटीवाला सकाळपासून दोनदा फोन करून विचारत होता, पुढच्या घराचं नाव कळलं, मागच्यावर काय घालू? श्रेणिकला ‘आउटहाऊस’ हवं होतं. अनघाला तिथं शिकवण्या घ्यायच्या होत्या. आउटहाऊस वाचलं की पोरांच्या आईबापांना वाटेल, आत मोटार धुतात, असं तिचं म्हणणं. ‘गेस्टहाऊस’ला मात्र दोघांचाही विरोध, कारण एखादा पाहुणा ते वाचून खरंच राहायला यायचा.

“काका, तुम्ही मास्तर. तुम्हीच सांगा,” अनघा म्हणाली. म्हणून मी तोंड उघडलं, नाहीतर माझं काही नव्हतं.

राजमती गवारीच्या शेंगा मोडत होती. मी गोष्ट सुरू केली की ती मान वर करत नाही. बेचाळीस वर्षांत तिच्या सगळ्या पाठ झाल्यात. ही तेवढी तिनं ऐकलेली नव्हती.

पस्तीस वर्षं झाली याला. मी खरसवाडीच्या शाळेत होतो. बिऱ्हाड तालुक्याच्या गावी, भाड्याच्या दोन खोल्यांत. तिथून रोज अकरा किलोमीटर सायकल हाणत शाळेत जायचं आणि अकरा परत. त्या उन्हाळ्यात खानेसुमारीची घरयादी निघाली. मास्तर म्हणजे सरकारचा घरचा गडी. मतदार आम्ही मोजायचे, गुरं आम्ही मोजायची, माणसंही आम्हीच.

काम सोपं होतं. गावातली एकेक इमारत घ्यायची, तिच्या दारावर गेरूनं नंबर घालायचा आणि आत शिरून विचारायचं, हे काय आहे? घर आहे, दुकान आहे, गोठा आहे, देऊळ आहे का नुसतंच रिकामं आहे? राहतं घर असलं तर पुढचा प्रश्न चुलीचा. एका चुलीवर वीस माणसं जेवत असली तरी कुटुंब एक. आणि एखादी म्हातारी कोपऱ्यात आपली वेगळी चूल मांडून बसली असली तरी तेही एक कुटुंब, ती त्याची प्रमुख. भांडणं, वाटण्या, कोर्टकचेऱ्या यातलं काही विचारायचं नाही. चूल बघायची आणि लिहायचं.

“पहिल्या दिवशी सकाळी सात ते दहा मी एकशेवीस घरं केली,” मी म्हणालो.

“काका.”

“बरं, नव्वद.”

“काका!”

“चाळीस. याच्या खाली मी येणार नाही. पटत नसेल तर आउटहाऊस लावा आणि झोपा.”

बत्तीस नंबरचं घर एका बापूचं होतं आणि त्याची म्हैस दारातच बांधलेली असायची. मी गेरूनं नंबर घातला, म्हशीनं चाटून साफ केला. परत घातला, परत चाटला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी कंटाळलो आणि नंबर म्हशीच्या पाठीवरच लिहून टाकला. दुसऱ्या दिवशी वरचे साहेब तपासणीला आले, तेव्हा म्हैस चरायला गेलेली. साहेबांनी शेरा मारला, ‘घर क्रमांक बत्तीस जागेवर आढळून आले नाही.’

अनघा हसत सुटली. श्रेणिक म्हणाला, “ही शंभर टक्के थाप आहे.”

“म्हशीचं खरं आहे,” राजमती म्हणाली. शेंगेचा शेंडा मोडून तिनं तो पदरात टाकला.

तर खरसवाडी. त्या गावची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायची दुकानं. कोणाचं त्रिचूरला, कोणाचं मदुराईला, कोणाचं पार कलकत्त्याला. वर्षातून एकदा जत्रेला गावी यायचे आणि त्या पंधरा दिवसांसाठी गावात दुमजली बंगले बांधून ठेवायचे. उरलेलं वर्षभर बंगल्यात पारवे. त्यातला सगळ्यात मोठा बंगला दिनकरशेठचा. तमिळ मुलखात सेलमला त्यांचं दुकान. शाळेच्या दोन वर्गांचा स्लॅब त्यांनीच घालून दिलेला, त्यामुळं आमच्या हेडमास्तरांना शेठ दिसले की छत्री मिटायची सवय लागली होती. मोठ्यानं बोलणारा माणूस नव्हता. सोनं गाळणाऱ्याला फुंकर जपून घालावी लागते, तसं जपून बोलायचे.

मी गेलो तेव्हा अकरा वाजले असतील. जत्रा चार दिवसांवर होती.

“या, या गुर्जी. किती ऊन झालंय. वैजंता, गुर्जींस्नी कॉपी दे. तिकडली दे, चांगली.”

वैजयंता त्यांची बायको. पितळी पेल्यातून कॉफी आली. मी बंगल्याच्या चौकटीवर शेहेचाळीस नंबर घालून आलो होतो. फळीवर कागद लावला आणि विचारायला सुरुवात केली. कुटुंबप्रमुख दिनकर. बायको वैजयंता. एक मुलगी, एक मुलगा.

“आणखी कोणी?”

“हाय की. बहीन. आनसाबाई.”

“लग्न झालेलं?”

शेठनी पंख्याकडं बघितलं. “झाल्यालं. नवऱ्यानं सोडल्याली हाय.”

मी पेन्सिलीनं बाजूला टिपण करून ठेवलं. मागच्या दारातून परडं दिसत होतं. परड्यात शेवग्याचं झाड आणि झाडामागं दगडमातीच्या भिंतींची, पत्र्याची एक सुटी खोली. पत्र्याच्या फटीतून धूर येत होता.

“मागं एक इमारत दिसते.”

“ती व्हय? जळनाची खोली.”

“मागलं खोपाट हाय त्ये,” वैजयंता पेला उचलता उचलता म्हणाली.

“आत्याची खोली हाय ती!” जिन्यावरून मुलगी ओरडली. आठ-नऊ वर्षांची असेल.

“तू आत जा गं,” वैजयंता म्हणाली.

खोली एक, तिला माणसं तीन आणि नावं तीन. मी म्हणालो, “नियमानं बघून यावं लागेल.”

“बगा की. बगायला काय हाय?” शेठ म्हणाले. “चूल हाय तितं, पर ती पान्याची. आंगुळीचं पानी तापतंय तीवर. तेवढं कागदात नगं.”

मी परड्यात गेलो. उन्हानं पाय भाजत होते. दार उघडंच होतं.

आता खोलीचं सांगतो. शेठ खोटं बोलत नव्हते. आत जळण होतं. निम्म्या खोलीत पत्र्यापर्यंत बाभळीची लाकडं आणि तुराट्या रचलेल्या. उरलेल्या निम्म्यात एक वाकळ, एक ट्रंक, खुंटीला दोन लुगडी आणि चूल. चुलीपुढं पंचेचाळीस-पन्नासच्या घरातली एक बाई भाकरी थापत होती. ती उठली नाही.

“बसा त्या पोत्यावर,” ती म्हणाली. “काय लिवलंसा?”

“अजून काही नाही. इथं राहतं कोण?”

“मी.”

“स्वयंपाक इथंच?”

“हितंच. अकरा वर्सं झाली.”

“बंगल्यातून जेवण येत नाही?”

“पीठ येतं.”

“शेठ म्हणाले, ही चूल पाण्याची आहे.”

तिनं तव्यावरची भाकरी बोटानं फिरवली. “तव्यात पानी तापत न्हाई, गुर्जी.”

ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती नुसती सांगत होती, एस.टी. किती वाजता येते ते सांगावं तसं. मी विचारलं, “तुम्ही शेठच्या बहीण ना?”

“लेकरं आत्या म्हंत्यात.”

“म्हणजे?”

“म्हंजे तेंला तसं शिकीवलंय. मी तेंची बायकू. आदीची. मला प्वार झालं न्हाई, म्हनून वैजंताला आनली. सासू व्हती तवर मी आत व्हते. तिचं हागनंमुतनं काढायला मानूस लागत हुतं. सासू गेली. तेराव्याला पंगत उठली आन् माजं हातरून हिकडं आलं.”

“तुम्ही कोणाला काही बोलला नाहीत?”

“कुनाला बोलू?”

 तिनं दुसरा गोळा घेतला आणि मळायला लागली.

“रेशनचं येगळं कार्ड मागाय गेलते तालुक्याला. दोनदा गेले. तितला सायेब म्हनला, घर कुटं हाय तुजं? म्हनलं, परड्यात. म्हनला, परड्यात घर नसतंय बाई, परड्यात संडास असतोय. समदी हसली.” भाकरी थापण्याचा आवाज थांबला नाही. “गुर्जी, तुमी हितं घर लिवा.”

“बाई, ऐका,” मी म्हणालो. वर्गात समजावतो तसं सांगितलं. “हा कागद दिल्लीला जातो. तिथं नुसती मोजदाद होते. हा दाखवून तुम्हाला रेशन मिळायचं नाही. हक्क मिळायचा नाही. कोर्टातही हा चालत नाही. कोणी काय सांगितलं, ते कोणाला दाखवायचंच नाही, असा कायदा आहे.”

“म्हंजे कुनी बगनारच न्हाई?”

“नाही.”

“ह्येबी न्हाई?” तिनं मानेनं बंगल्याकडं दाखवलं.

“शेठही नाही.”

“मग तुमास्नी लिवायला काय जातंय?”

मी फळीवरचा कागद सारखा केला.  

“मला त्यातनं काय नगं,” ती म्हणाली. “येका जागी तरी लिवल्यालं असू दे. जळनात ऱ्हाती, असं नगं. घरात ऱ्हाती, आपलं आपन शिजवून खाती, तेंची बायकू हाय. एवडं.”

मग तिनं जर्मलच्या ताटलीत भाकरी ठेवली. वर कारळ्याची चटणी, तेल. “खावा. आन् मग लिवा, चूल हाय का न्हाई त्ये.”

मी खाल्ली. दोन खाल्ल्या. चटणीत लसूण होता, हे मी आमच्या जैन घरी आजपर्यंत सांगितलेलं नाही.

“ठाऊक आहे,” राजमती म्हणाली. “त्या दिवशी वास येत होता.”

“काकू, तुम्ही काहीच बोलला नाहीत?” अनघानं विचारलं.

“काय बोलायचं? उन्हातानाचे यायचे.”

मला तेव्हा काय वाटत होतं, असं अनघानं मला मध्येच विचारलं. खरं सांगायचं तर काही नाही. खरंच काही नाही. भाकरी गरम होती. पत्रा तापून चटचट वाजत होता. माझी पंधरा-वीस घरं राहिली होती आणि ती दुपारच्या आत कशी संपवायची, ते डोक्यात होतं. जेवून मी ताटलीतच हात धुतला. निघताना ती म्हणाली, “दारावर नंबर घालनार न्हवं?”

“घालतो ना. शेठना सांगून येतो.”

“जरा मोटा घाला.”

मी परत सोप्यात आलो. शेठ होते तसेच बसले होते. माझा पेला पुन्हा भरून ठेवलेला.

“झालं बगून?”

“शेठ, तिथं चूल आहे. मी जेवून आलो. नियमानं ते वेगळं घर होतंय. वेगळं कुटुंब.”

ते रागावले नाहीत. बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिले. “गुर्जी, येका उंबऱ्यात दोन घरं कशी व्हतील? आन् परमुक म्हनून कुनाचं नाव घालनार? तिचं? मंग पुडल्या टायमाला तुमीच येनार, लगीन झालंय का इचारनार, नवऱ्याचं नाव इचारनार. ती सांगनार. दोन कागदांवर दोन बायका आन् नवरा येकच. शोबतंय का? लेकरं मोटी व्हत्यात आता.”

“कागद कोणी बघत नाही, शेठ.”

“मग माज्या म्हनन्यापरमानं लिवायला काय जातंय?”

तोच प्रश्न. शब्दही जवळजवळ तेच. परड्यातून सोप्यात येईपर्यंत तो फक्त उलटा झाला होता. 

वैजयंता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि आत गेली.

शेठ खुर्चीत जरा पुढं सरकले. “तुमच्या मंडळींच्या आईस्नी बरं न्हाई म्हनं?”

राजमतीच्या आईला त्या फेब्रुवारीत अर्धांगवायू झालेला. सांगलीत एकट्या, एका बाजूनं गेलेल्या. शेजारपाजारचे आळीपाळीनं बघत होते. राजमती पंधरा दिवस तिथं, पंधरा दिवस माझ्याकडं, अशी एस.टी.त राहत होती. दोन वर्षं मी बदलीचे अर्ज करत होतो आणि अर्ज कुठं जातात, ते शोधायला आणखी एक अर्ज करावा लागेल, अशी परिस्थिती होती.

“व्हय,” मी म्हणालो. मीसुद्धा ‘व्हय’ म्हणालो.

“सभापती जत्रंला हितंच जेवाय हायती. बदलीचं कानावर घालू का?”

त्यांनी हे अगदी सहज विचारलं, कॉफीत साखर आणखी घालू का, असं विचारावं तसं. धमकी नाही, काही नाही. चांगलाच माणूस होता. माझ्या मांडीवर फळी, फळीवर कागद, हातात पेन्सिल, आणि रकाना रिकामा.

मी बोलता बोलता थांबलो. समोरच्या ओल्या रंगावर एक चिलट चिकटलं होतं, ते पाय हलवत होतं. 

“मग?” श्रेणिक म्हणाला. तो आता भिंतीला टेकून बसलेला नव्हता.

“म्हणून तर म्हणतोय, तुम्ही मानणार नाही.”

“सांगा तर.”

“मी उभा राहिलो,” मी म्हणालो. “कॉफीचा पेला पालथा घातला. म्हणालो, शेठ, शाळेवरचा स्लॅब तुमचा. पण त्या स्लॅबखाली मी पोरांना रोज शिकवतो, जे दिसतं ते लिहा. फळ्यावर गाय काढली तर गाय लिहा. आज मी चूल बघितलीय. मी चूल लिहिणार. बदली नाही झाली तर नाही झाली. अकरा किलोमीटर सायकल हाणायची मला सवय आहे. शेठच्या कपाळावर घामाचे थेंब आले. हे एवढे. टपटप धोतरावर पडायला लागले. वर पंखा!”

“मग?”

“मग काय. गेरूचा खडा घेतला आणि तडक परड्यात. दाराच्या फळीवर सत्तेचाळीस घातला. हातभर उंच. वीतभर रुंद. वेशीतून दिसावा असा. तिथंच उंबऱ्यावर बसून कागद भरला. वापर कशासाठी, तर राहते घर. कुटुंबप्रमुख, आनसाबाई. आमच्याकडं गावाचा नजरी नकाशाही काढायचा असायचा. पक्क्या बांधकामाला चौकोन, कच्च्याला त्रिकोण. आत माणूस राहत असेल तर त्यात तिरक्या रेघा भरायच्या, नसेल राहत तर तो कोरा सोडायचा. मी शेठच्या चौकोनामागं त्रिकोण काढला आणि अशा रेघा भरल्या, अशा रेघा भरल्या, की पेन्सिलीचं टोक मोडलं.”

अनघानं ओढणीचं टोक नाकाला लावलं होतं.

“आणि त्या?” तिनं विचारलं.

“बाहेर आली. तिला वाचता येत नव्हतं. नंबराकडं बघत राहिली. म्हणाली, काय लिवलंय? म्हणालो, घर. म्हणाली, बरं. आणि आत जाऊन चुलीत लाकूड सारलं.”

 माझ्या गोष्टीनंतर एरवी श्रेणिक टाळी मागायला हात पुढं करतो, कारण त्यानं थाप पकडलेली असते. आज त्यानं हात पुढं केला नाही.

“काका, यात न मानण्यासारखं काय आहे?” अनघा म्हणाली. “मी मानलं. सगळं मानलं. घाम सोडून.” मग ती श्रेणिककडं वळली. “पाटी ठरली. मागच्यावर नुसतं ‘घर’ लिहायचं. पुढच्याला तू काय वाटेल ते लिही.”

“पण मग बदलीचं काय झालं?” श्रेणिकनं विचारलं.

“झाली की. जूनमध्ये. इथंच, सांगलीला. तुझ्या काकूच्या आईचं सगळं शेवटपर्यंत हिच्याच हातनं झालं.”

“शेठना एवढं बोलूनही?”

“शेठचा काय संबंध? यादीत नंबर लागला.”

“आणि त्या बाईंचं पुढं काय झालं?”

“ठाऊक नाही. मी परत गेलो नाही तिकडं.”

“खोटं,” राजमती म्हणाली.

अनघाला वाटलं, ती बाईंबद्दल म्हणतेय. “त्या भेटल्या होत्या तुम्हाला, काकू?”

“नाही. मी कधी बघितलं नाही तिला.” राजमतीनं शेंगांचं ताट बाजूला सरकवलं. तिच्या आवाजात राग नव्हता. इतक्या वर्षांत मी तिला रागावलेली फारशी बघितलेली नाही. “कागद सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायचे होते. यांचं अक्षर कोणाला लागत नव्हतं. म्हणून सगळ्या गावाची नक्कल मी केली, नकाशासकट. दिनकरशेठच्या मागं त्रिकोण होता. कोरा. बाजूला लिहिलेलं, जळणाची खोली.”

“राजमती,” मी म्हणालो.

“मी विचारलं होतं तुम्हाला. एवढा मोठा बंगला, मागं कोणी राहत नाही का हो? तुम्ही म्हणालात, राहतं की. जळण राहतं.”

श्रेणिक माझ्याकडं बघत होता.

“आणि मी हसले होते,” राजमती म्हणाली.